राखणीला राहिलेली ताटली

मी एक ताटली बोलतेय. पांढरी, निळ्या काठाची, इनॅमलची. काठाला एक टवका उडालाय आणि तिथून आतलं लोखंड काळं दिसतं. माझ्यात आजवर कुणीही जेवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही भलती अपेक्षा धरणार नाही.

भलती अपेक्षा धाकटीनं धरली होती. धाकटी ही आमच्या काका-काकूंची पुतणी. नवव्या वर्षी वसतिगृहात गेली, पुढं आणखी लांब शिकायला गेली आणि पंधरा वर्षांनी कायमची घरी आली, ती एक गोष्ट मनात घट्ट धरून. आमच्या रानात राखणी नावाची अळंबी उगवते. धाकटीनं तिकडच्या वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे, की हे नाव शेकडो वर्षांचं आहे. ही अळंबी झाडांच्या मुळांशी पहारा देते, रानाची राखण करते, म्हणून ती राखणी. तुम्ही ज्यांना अडाणी म्हणता त्या माझ्या माणसांनी हे पुस्तकांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं! घरी पोचायचं, एखाद्या जाणत्या माणसासमोर मांडी घालून बसायचं आणि त्या नावाची सगळी कहाणी उतरवून घ्यायची, असं तिचं ठरलं होतं.

सापडलं काय? स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या टोकाला पालथी घातलेली मी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा गोल कापला, साच्यात दाबला, पांढऱ्या लेपात बुडवला आणि भट्टीत घातला. अशा आम्ही सहा जणी एका कागदात गुंडाळून एका सुताराच्या घरी गेलो. सुतार, त्याची बायको, त्याचा भाऊ, दोन मुलगे आणि शेंडेफळ मुलगी, चौदा वर्षांची. सहा माणसं, सहा ताटल्या. वाटेत कुठंतरी माझ्या काठाला धक्का लागून टवका उडाला होता. पहिल्याच दिवशी मोठ्या भावानं मला मुलीच्या पुढ्यात सरकवलं.

"फुटकी मलाच का?" मुलगी म्हणाली.

"तोंडाला शोभते म्हणून."

तिनं मला पालथं घातलं. "मला जेवायचंच नाही."

"नको जेवूस," आई म्हणाली. "भूक लागली की येशील आपसूक."

त्या दिवशी रानातली अळंबी शिजली होती. तेव्हा तिला राखणी कुणी म्हणत नसे, नुसतं 'पांढरी' म्हणत. मुलीचा वाटा मोठ्या भावानं तिला वेडावून दाखवत संपवला.

पहाटे पाचही जणांना ओकाऱ्या सुरू झाल्या. मुलगी दिवसभर पाणी आणत राहिली, पुसत राहिली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना एकदम बरं वाटलं. सुतार उठून बसला, रंधा मागू लागला. मोठ्या भावानं तिची वेणी ओढली. डॉक्टरला बोलवायला निघालेली मुलगी त्यामुळं दारातूनच परत फिरली. पांढरीत मिसळून आलेली ती विषारी अळंबी अशीच आहे. मधला एक दिवस माणसाला परत दिल्यासारखं करते, आणि मग हात घालते. आठवडा संपायच्या आत त्या घरात मुलगी आणि मी, अशा दोघीच उरलो. माझ्या पाचही बहिणी शेजाऱ्यांनी खोल खड्ड्यात पुरल्या. मला मात्र कुणी हात लावला नाही.

त्या मुलीनं मग घरोघर जाऊन सांगितलं. लोकांनी अळंबी खाणं सोडलं नाही. हंगामाच्या दिवसांत दुसरं होतं काय खायला! पण शिस्त लावून घेतली. अळंबी कापायची नाही, पायासकट उपटायची. चांगलीचा पाय शेपटीसारखा निमुळता होत खोल मातीत जातो. विषारी असते तिचा पाय आखूड, आणि तळाशी फाटक्या पांढऱ्या पिशवीत बसलेला. मातीच्या वर दोघी सख्ख्या बहिणी. शिजवताना एक अळंबी पायासकट पाण्यात बाजूला ठेवायची, डॉक्टरला दाखवायला. आणि घरातल्या एका माणसानं दुसऱ्या दिवसापर्यंत ती खायची नाही. शुद्धीवर राहायचं, धावायला राहायचं. त्याची ताटली पालथी. "आज राखणीला कोण?" असं सकाळीच विचारलं जाऊ लागलं. जिच्यासाठी राखणीला बसायचं, तिचंच नाव मग राखणी पडलं. पंचाहत्तरेक वर्षं झाली असतील. तेवढंच त्या नावाचं वय आहे. त्या नावाच्या जन्माला मी हजर होते.

दुसरीला कुणी नावच ठेवलं नाही. अजूनही नाही.

ती मुलगी म्हणजे आमच्या काकूची आई. लग्नाच्या वेळी काकूला तिनं दागिना दिला नाही, मला दिलं. तेव्हापासून मी या टेबलावर आहे.

माणसं शिस्त पाळतात, पण कशासाठी ते हळूहळू सांडून टाकतात, हे मी पालथ्या अंगानं पुष्कळ पाहिलंय. आधी राखणीला पाळी असायची. आज बाप, उद्या थोरला, परवा आई. मग पुरुषांना कामं निघाली. मग मुलांच्या परीक्षा आल्या. होता होता प्रत्येक घरात राखणीला राहायचं काम बाईवर येऊन बसलं आणि कुणाला ते खटकलंही नाही. मग पुष्कळ घरांतून ती पाळीही गेली, नुसतं नाव उरलं. आमच्या काकूनं मात्र लग्नापासून एकदाही राखणी चाखलेली नाही. विचारलं तर म्हणायची, "मला कुठं आवडते ती!" न चाखताच.

धाकटीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लहानपणी पालथ्या ताटलीकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं, आणि पुढं अळंबीचा हंगाम शाळेच्या दिवसांत यायचा, ती सुट्टीत यायची.

आली ती वादळासारखी. दोन महिन्यांत तिनं घरामागं शेड उभी केली, अळंबी वाळवायचं यंत्र बसवलं, पाकिटं छापायला टाकली. इथल्या माणसांनी इथंच राहून मानानं जगावं, यासाठी तिचा जीव तुटायचा. तो खराच तुटायचा. बोलता बोलता हातातला चहा गार होऊन जायचा, इतका. अळंबी वेचणाऱ्यांना तिनं एकेक वाकडी सुरी दिली.

"उपटायचं नाही," ती म्हणाली. "मातीच्या वर कापायचं. खाली जमिनीत तिचं खरं शरीर असतं, त्याला धक्का लागला तर पुढच्या वर्षी काय वेचाल?"

वेचणाऱ्यांत सगळ्यात जुना टोपीमामा. झोपतानाही टोपी काढत नाही, म्हणून हे नाव. त्यानं सुरी उलटीपालटी करून पाहिली. "पण पोरी, पाय बघायचा असतो."

"पाय मातीनं भरलेला असतो, मामा. धुण्यात अर्धा दिवस जातो. आणि पन्नास वर्षं वेचताय, तुम्हाला डोकं बघून ओळखता येत नाही?"

आता असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? "येतं की," टोपीमामा म्हणाला आणि सुरी कमरेला खोचली.

नावाची चौकशीही तिनं लावलीच होती. टोपीमामा म्हणाला, "नावाला कसला आलाय अर्थ? मला टोपीमामा म्हणतात. मी टोपीचा मामा आहे होय?" शेजारीण म्हणाली, "पाकिटावर शोभेल ते लिही गं, वाचतंय कोण." काकू भांडी विसळत होती. तिला धाकटीनं आपला अर्थच वाचून दाखवला, मुळांच्या पहाऱ्याचा. "किती सुंदर आहे ना, काकू?"

काकूनं नळ मोठा केला. "छान आहे," ती म्हणाली.

तोच अर्थ हिरव्या लेबलावर छापला गेला. पहिली चोवीस पाकिटं शहरातल्या एका दुकानात गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी, आणखी दोनशे पाकिटं भरायला घ्यायच्या दिवशी, धाकटीनं घरात जेवणाचा बेत केला. काकूला तिनं स्वयंपाकघरात पाऊलही टाकू दिलं नाही. सगळं स्वतः चिरलं, स्वतः शिजवलं. दुपारी एकला तिघं टेबलाशी बसली. काकूनं आल्या आल्या, सवयीनं, मला पालथं घातलं.

"हे काय?" धाकटीनं विचारलं.

"मी राखणीला आहे आज."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाही खायची. तुम्ही जेवा."

काकांचा पहिला घास तोवर तोंडात गेला होता. "तिचं तसंच असतं," ते म्हणाले. "हिच्या आईकडची रीत आहे. एकानं राहायचं असतं."

"मग तुम्ही कधी राहिलात?"

"राहिलो होतो की एकदा."

"अर्धा तास," काकू म्हणाली.

"पाऊण," काका म्हणाले आणि वाटी पुढं केली. "वाढ गं अजून थोडं. वा! हात चांगला आहे तुझा."

धाकटीला हसू आलं नाही. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे बाकीच्यांनी चाटूनपुसून खायचं आणि घरातल्या बाईनं रीत म्हणून उपाशी बसून बघायचं? काकू, अगं, तू शिजवलेलं तुलाच मिळू नये? किती वर्षं?" उत्तराची वाट न पाहता तिनं मला उचललं आणि उलटं केलं.

पंचाहत्तर वर्षांनी जेवणाच्या वेळी माझ्या तोंडावर उजेड पडला. खिडकी, दिव्याची तार, काकूची हनुवटी. काय काय दिसलं मला! त्यावर धाकटीनं डावभर अळंबी वाढली. खोटं कशाला बोलू, ती ऊब मला आवडली. धाकटी अन्याय म्हणत होती तो खराच अन्याय होता. एवढंच, की त्या रितीत अन्यायाखेरीज आणखीही काही होतं आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"खा," धाकटी म्हणाली. स्वतःही खाऊ लागली. "माझ्यासाठी."

काकूनं हात पुढं केला. "पाण्यात ठेवलीस ना एक?"

"कशाला?"

"अशीच. पायासकट."

"पाय कुठले, काकू! ते रानातच राहतात. मी कापायला सांगितलंय सगळ्यांना."

काकूची बोटं माझ्या काठावर थांबली.  काकांची वाटी दुसऱ्यांदा रिकामी झाली होती, पोटात गेलेलं बोलून परत येणार नव्हतं. धाकटीची अर्ध्यावर आली होती, आणि ती इतक्या आनंदानं बघत होती, की काकूनं एक तुकडा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि मांडीवरच्या फडक्यात सोडला. मग दुसरा. मग तिसरा. माझ्यात वाढलेलं सगळं असं फडक्यात गेलं.

"आवडली?"

"जरा टोपीमामाकडं जाऊन येते," काकू म्हणाली. तिनं मला धुतलं, दोनदा, राख लावून, आणि काखेत मारून निघाली.

 टोपीमामाला फक्त एवढं म्हणाली, "खुरपं घे. गेल्या आठवड्यात जिथं जिथं कापलंस तिथं चल."

रानात कापलेले बुंधे सहज दिसत होते. पांढरे, नाण्याएवढे, थोडे तपकिरी पडत चाललेले. टोपीमामा बसून एकेक उकरू लागला. पहिल्याखाली लांब शेपटी निघाली. दुसऱ्याखाली शेपटी. तिसऱ्याखालीही. काकू प्रत्येक वेळी श्वास सोडायची. बारा झाले, पंधरा झाले. टोपीमामाला धीर आला, "बघ, म्हटलं नव्हतं? माझा डोळा आहे."

"उकर," काकू म्हणाली.

उताराच्या खालच्या अंगाला, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, तीन जवळजवळ होते. त्यातल्या मधल्याखाली खुरपं गेलं आणि शेपटी निघालीच नाही. मातीचा ढेकूळ फुटला. आत पांढरी पिशवी होती, फुटलेल्या अंड्याच्या कवचासारखी, आणि तिच्यात तो आखूड पाय आरामात बसलेला.

टोपीमामानं टोपी काढली. त्याचं डोकं पूर्ण पांढरं आहे, हे तेव्हा कळलं. "हा कधी कापला..." तो बोटांवर दिवस मोजू लागला, आणि बोटं मध्येच थांबली. "चार दिवस झाले असतील. काल पण इथूनच नेल्या गं मी. वर सगळ्या सारख्याच दिसतात. मी म्हटलं, शिकलेली पोर सांगतेय..."

"तिला बोलू नकोस," काकू म्हणाली. "मला तोंड होतं. मी नळ मोठा केला." टोपीमामाला त्यातलं काही कळलं नाही.

तिनं तो ढेकूळ तसाच माझ्यावर ठेवला. पंचाहत्तर वर्षांत माझ्यावर मुद्दाम जपून ठेवलेली पहिली वस्तू ती.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. शेडमध्ये धाकटी गुणगुणत पाकिटांना लेबलं चिकटवत होती. काकूनं मला तिच्यासमोर ठेवलं आणि आपल्या आईची सगळी गोष्ट सांगितली. भांडण, पाच माणसं, मधला बरा वाटलेला दिवस. आवाज न चढवता, उभ्या उभ्याच. धाकटी त्या पिशवीकडं बघत राहिली. एक लेबल तिच्या अंगठ्याला चिकटलं होतं, ते तिला काढायचं सुचलं नाही.

"आपण खाल्लं त्यात असेल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

"तू खाल्लंस. मी खायला लावलं तुला!"

"मी राखणीला होते," काकू म्हणाली. "चल, गाडी सांगितलीय. चपला घाल."

काका अंगणात उभे होते. "मला काही होत नाहीये," ते तीनतीनदा म्हणत होते. "उगाच घाबरवताय. पोट दगडासारखं आहे माझं." त्यांना हाताला धरून बसवावं लागलं.

इस्पितळात मला टेबलावर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून ढेकूळ पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे आणलंत म्हणून बोलता तरी येतंय मला," त्या म्हणाल्या. "नाहीतर त्रास सुरू होईपर्यंत कुणी येत नाही, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो." दोघांना काळं औषध पाजलं, सलाईन लावलं, रक्त तपासायला काढलं. काकांच्या ओकाऱ्या मध्यरात्रीनंतर सुरू झाल्या. धाकटीच्या उजाडताना.

सकाळी डॉक्टरीणबाई काकूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या दोघांना बरं वाटेल. घरी सोडा म्हणतील. ऐकायचं नाही."

"ठाऊक आहे," काकू म्हणाली.

धाकटी खाटेवर बसली होती. ओठ पांढरे, हाताला नळी, मांडीवर फोन. शहरातलं ते दुकान नऊला उघडणार होतं.

"थांब जरा," काका उशीवरून म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "दुपारी रक्ताचा अहवाल येतोय. बघू काय निघतंय. त्या चोवीस पाकिटांत एखादीच असेल, नसेलही. एकदा तोंडातून गेलं की तुझ्या शेडचं दार पुन्हा उघडायचं नाही, पोरी. टोपीमामाला, त्या सगळ्यांना काय सांगणार?"

"दुपारपर्यंत कुणीतरी जेवेल, काका."

"अगं पण..."

"तिथं कुणी मागं राहणार नाही. सगळे एकदम जेवायला बसतील. मीच लिहिलंय पाकिटावर, कुटुंबासह आस्वाद घ्या."

 काकूनं धाकटीच्या पाठीमागं उशी लावली. नऊ वाजले तशी धाकटीनं फोन लावला आणि स्वतःचं नाव सांगून, एका दमात, काहीही मऊ न करता सगळं सांगितलं. दुकानदार सुरुवातीला समजला नाही. मग फळीवरची पाकिटं खाली काढल्याचा आवाज आला.

"वीस आहेत," तो म्हणाला.

"चार?"

"काल-परवा गेली. कुणी नेलं ते कसं आठवणार, बाई? गिऱ्हाईक येतं नि जातं."

"दारावर कागद लावा. मोठ्या अक्षरात. मी सांगते ते लिहा."

"कागद लावतो, पण चूक कुणाची म्हणून लिहू? वेचणाऱ्यांची ना?"

धाकटीनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "माझी. पाय कापायला मी सांगितलं होतं. तसंच लिहा. खाली माझं नाव, माझा नंबर. आणि नावाचा अर्थ चुकीचा छापलाय एवढंच नका लिहू, खरा अर्थ लिहा. घ्या लिहून."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. मी खिडकीतल्या कट्ट्यावर होते, आणि ती पिशवी माझ्यावर हळूहळू वाळत होती. कागद त्या दारावर लागेल. पण ती चार पाकिटं घेऊन गेलेली माणसं त्या दारावरून पुन्हा जातीलच असं नाही.

म्हणून मी बोलतेय. एरवी एका ताटलीनं कशाला तोंड उघडावं? तुमच्या फळीवर हिरव्या लेबलाचं, वाळलेल्या पांढऱ्या अळंबीचं पाकीट असेल, तर ते उघडू नका. उघडलं असेल तर शिजवू नका. वाळवल्यानं, शिजवल्यानं ती निवळत नाही. आणि जेवून झालं असेल, रात्री त्रास होऊन गेला असेल, आणि आज सकाळी सगळ्यांना एकदम हलकं, बरं वाटत असेल, मुलं हसत असतील, तर कृपा करून त्या बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका. पाकीट हातात घ्या आणि दवाखान्यात जा. आज. आत्ताच.